मोहरीच्या मुळांवरची पांढरी लव बुरशी नसते, मग ती येते कुठून आणि कोणत्या पेशीला येणार हे ठरवतं कोण?

ऐरोलीतल्या आमच्या गार्डनिंग ग्रुपवर एक फोटो दर थोड्या दिवसांनी येतोच. कोकोपीटवर नाहीतर ओल्या टिश्यू पेपरवर पेरलेली मोहरी किंवा मुळा, दोन-तीन दिवसांत मोड आलेले, आणि प्रत्येक मुळाभोवती पांढरी शुभ्र लव. खाली प्रश्न ठरलेला, बुरशी लागली का हो, फेकून देऊ का? मग कोणी म्हणतं दालचिनी पावडर मारा, कोणी म्हणतं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि बरेच जण उत्तराची वाट न बघता ट्रे सरळ ओल्या कचऱ्यात रिकामा करतात. घोडबंदर रोड काय किंवा कोपरखैरणे काय, बाल्कनीत मायक्रोग्रीन्स करणारे आता सगळीकडे आहेत आणि हा घोळ सगळीकडे सारखाच आहे.

फेकू नका. बहुतेक वेळा ती लव म्हणजे मूलरोम असतात. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात मुळाच्या आकृतीत बाजूला बारीक रेघा काढून नाव लिहायचो तेच हे. आणि एकदा ते डोळ्यांनी दिसले की पुढचा प्रश्न पडायलाच हवा, की मुळाच्या कातडीवर सगळ्या पेशी शेजारी शेजारी, एकाच पद्धतीने तयार झालेल्या, तरी एकीला रोम येतो आणि चिकटून असलेल्या दुसरीला येत नाही, असं का? या एका प्रश्नावर गेली तीसेक वर्षं जगभर काम झालंय आणि उत्तर इतकं सुंदर आहे की मला ते मराठीत नीट लिहून ठेवायचंच होतं.

आधी खात्री करू, बुरशी की रोम

स्प्रेच्या बाटलीने मुळांवर पाणी मारा. रोम असतील तर ओले होऊन मुळाला चिकटतात आणि लव गायब झाल्यासारखी वाटते, सुकलं की परत दिसते. बुरशी पाण्याने अशी नाहीशी होत नाही. दुसरं, रोम फक्त मुळावर असतात आणि मुळाच्या चारी बाजूंनी साधारण सारखे असतात, बुरशीचे धागे मात्र एका बीवरून दुसऱ्या बीवर, कोकोपीटवर, ट्रेच्या कडेला असे कुठेही पसरतात. कुबट वास येत असेल, करडा-काळा रंग असेल, देठ मऊ पडून रोपं आडवी होत असतील तर ती खरंच बुरशी, मग फेकाच.

रोम म्हणजे छोटं मूळ नव्हे

हा गैरसमज खूप जणांचा असतो. मुळाला जी बारीक उपमुळं फुटतात ती शेकडो पेशींची बनलेली असतात, रोम म्हणजे फक्त एक पेशी. मुळाच्या अगदी बाहेरच्या थरातली एक पेशी बाहेरच्या बाजूने लांब होत जाते, जाडी मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग आणि लांबी मिलिमीटरभर किंवा कमी-जास्त, मधे कुठेही भिंत नाही, सगळी मिळून एकच पेशी. मुळाच्या अगदी टोकाला रोम नसतात, कारण तिथे पेशी अजून तयार होतायत, त्यामागे पेशी लांब होतात आणि त्याच्याही मागे रोम फुटतात. जुने रोम मरतात, टोक पुढे जातं, नवे येतात.

एकेका रोमाकडे बघून त्याची किंमत कळत नाही. १९३७ साली अमेरिकेत डिटमर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने राय या धान्याचं एकच रोप पेटीत चार महिने वाढवून त्याची सगळी मुळं मोजली होती, त्याचा हिशोब आला सुमारे १४०० कोटी रोम आणि त्यांची एकूण लांबी १० हजार किलोमीटरच्या वर. एका रोपाची!

मग कोणत्या पेशीला रोम येतो?

हे सगळ्यात नीट समजलंय ते अरेबिडॉप्सिस नावाच्या एका छोट्या तणात. हे तण मोहरी, मुळा, कोबी यांच्याच कुळातलं आहे, लवकर वाढतं, आणि त्याचा सगळा जीनोम २००० सालीच वाचून झालाय, म्हणून वनस्पतींचे प्रयोग बहुतेक याच्यावर होतात.

आता आपल्याकडच्या फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक आठवा. पावसाळ्यात गवत उगवतं ते ब्लॉकच्या मधोमध नाही, दोन ब्लॉकच्या सांध्यावर. अरेबिडॉप्सिसच्या मुळात अगदी हेच दिसतं. बाहेरची कातडी म्हणजे एका पेशीचा थर, त्याच्या आत लगेच दुसरा थर असतो, कॉर्टेक्स म्हणतात त्याला, आपण आतला थर म्हणू. आतल्या थरातल्या पेशी मोठ्या असतात आणि गोलाकार आठ रकान्यांत बसलेल्या असतात. म्हणजे सांधेही आठ. बाहेरची जी पेशी दोन आतल्या पेशींच्या सांध्यावर बसलीय, दोघींनाही टेकलीय, ती रोम होते, आणि जी एकाच आतल्या पेशीच्या पाठीवर बसलीय ती होत नाही. त्यामुळे मुळावर लांबीच्या दिशेने रोमवाल्या पेशींच्या आठ पट्ट्या, आणि मधे मधे बिनरोमाच्या दहा ते चौदा पट्ट्या, अशी रचना तयार होते.

गवताची गोष्ट इथपर्यंतच लागू पडते हं. गवत सांध्यात येतं कारण माती तिथे उघडी असते. पेशीच्या बाबतीत सांध्यावरून एक निरोप येतो, आणि तो निरोप काय असतो हाच सगळा मुद्दा आहे.

"जन्मतःच ठरलेलं असेल की!"

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. म्हणजे रोमवाल्या पेशीच्या पोटी रोमवालीच जन्मते, पिढीजात. दिसायला तसं वाटतंही, कारण एका पट्टीतल्या सगळ्या पेशी एकाच पूर्वज पेशीपासून आलेल्या असतात.

पण कधीकधी कातडीतली एखादी पेशी उभी विभागली जाते, आणि तिच्या दोन मुलींपैकी एक सांध्यावर राहते, दुसरी सरकून शेजारच्या जागेवर जाते. दोघी सख्ख्या बहिणी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात अशा बहिणींवर नजर ठेवली गेली, आणि लेझरने शेजारच्या पेशी मारून काय होतं तेही बघितलं गेलं. जी ज्या जागेवर गेली ती त्या जागेसारखी वागली. आईकडून काय आलं याचा उपयोग झाला नाही. २००६ साली तर हेही दिसलं की जागा बदललेल्या पेशीत डीएनएची बांधणीसुद्धा नव्या जागेप्रमाणे बदलते, संबंधित जीनजवळचा भाग उघडा किंवा बंद होतो, म्हणजे पेशी आपली जागा परत परत तपासत असते.

मूळ कल "हो" आहे, आदेश "नको" चा आहे

इथे मला थोडं थांबायचंय कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि खरी मजाही इथेच आहे. आपल्याला वाटतं सांध्यावरच्या पेशीला "रोम हो" असा हुकूम येत असेल. उलट आहे. कातडीतल्या कोणत्याही पेशीला मोकळं सोडलं तर ती रोमच होते. बिनरोमाची राहायची असेल तर तिला थांबवावं लागतं.

हे कळलं कसं, तर बिघडलेल्या रोपांवरून. वनस्पतिशास्त्रात एखादा जीन बिघडवायचा, रोप कसं दिसतं ते बघायचं आणि बहुतेकदा त्यावरूनच जीनला नाव द्यायचं अशी पद्धत आहे. वेअरवुल्फ (इंग्रजी गोष्टींतला केसाळ लांडगा-माणूस) नावाचा एक जीन आहे, तो बिघडला की मुळावरच्या जवळजवळ सगळ्या पेशींना रोम येतात, म्हणून हे केसाळ नाव, १९९९ साली तो सापडला. ग्लॅब्रा-२ बिघडला तरी नको त्या जागी रोम येतात. म्हणजे हे दोघं चांगले असताना रोमाला अडवण्याचं काम करतात.

कसं, ते बघा. वेअरवुल्फपासून जे प्रोटीन बनतं ते आपल्या जोडीदार प्रोटीनांना धरून एक जुळणी तयार करतं. ती जुळणी ग्लॅब्रा-२ ला चालू करते. आणि ग्लॅब्रा-२ रोम बांधायला लागणारे जीन बंद करून टाकतो, त्यात मुख्य आहे आरएचडी-६. एवढं झालं की पेशी गुळगुळीत राहते. एकाच आतल्या पेशीवर बसलेल्या पेशीत वेअरवुल्फ भरपूर असतो, म्हणून तिथे हे सगळं होतं.

सांध्यावरच्या पेशीत काय वेगळं? तिच्या पृष्ठभागावर स्क्रॅम्बल्ड नावाचं एक रिसेप्टर प्रोटीन असतं, म्हणजे बाहेरचा संकेत पकडून आत पोचवणारं. २००५ साली ते सापडलं. ते आपल्या पेशीतला वेअरवुल्फ कमी करतं. आतल्या थरातल्या पेशींचाही यात हात आहे, जॅकडॉ नावाचा एक जीन आतल्या थरात काम करतो आणि त्याचा परिणाम बाहेरच्या थरातल्या स्क्रॅम्बल्डमार्फत होतो हे २०१० साली दाखवलं गेलं. म्हणजे निरोप आतून बाहेर येतो.

पण हा निरोप तसा हलका असतो. दोन प्रकारच्या पेशींत थोडाच फरक पडतो त्याने, मग पट्ट्या इतक्या स्पष्ट कशा येतात?

शेजारणी एकमेकींना प्रोटीन पाठवतात

तर बिनरोमाच्या पेशीतली ती जुळणी ग्लॅब्रा-२ सोबत अजून एक जीन चालू करते, कॅप्रिस, १९९७ साली सापडलेला. कॅप्रिसचं प्रोटीन लहान असतं. ते तिथे न थांबता शेजारच्या पेशीत जातं, वनस्पतींच्या पेशीभिंतींमधे आरपार बारीक छिद्रं असतात त्यातून. शेजारी म्हणजे सांध्यावरच्या पेशीत पोचलं की ते वेअरवुल्फच्या जोडीदाराला जाऊन चिकटतं, वेअरवुल्फची जागा अडवतं. आणि कॅप्रिसकडे जीन चालू करायचा भागच नाही. त्यामुळे जुळणी होते पण निकामी होते, ग्लॅब्रा-२ चालू होत नाही, आरएचडी-६ ला कोणी अडवत नाही, रोम फुटतो. म्हणजे जी पेशी स्वतः थांबलीय तीच शेजारणीला पुढे जाऊ देते.

मग कोणी विचारेल, कॅप्रिस जिथे बनतं तिथल्याच वेअरवुल्फला का नाही अडवत? कारण तिथे वेअरवुल्फ खूप आहे, जागेच्या शर्यतीत तोच जिंकतो. सांध्यावरच्या पेशीत स्क्रॅम्बल्डने वेअरवुल्फ आधीच कमी केलेला असतो, तिथे मात्र कॅप्रिस भारी पडतं.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नाही. वेअरवुल्फचा जो जोडीदार आहे, त्याचा जीन चालतो मुख्यतः सांध्यावरच्या पेशीत, आणि बनलेलं प्रोटीन तिथून बिनरोमाच्या पेशीत जातं! म्हणजे एकीने थांबायचं साधन दुसरीला दिलं, दुसरीने न थांबायचं साधन पहिलीला दिलं. सुरुवातीला जरा इकडेतिकडे असलेला फरक या देवाणघेवाणीने वाढत वाढत पक्का होतो.

हे खरंच असं चालतं याचा मला सगळ्यात पटणारा पुरावा म्हणजे स्क्रॅम्बल्ड बिघडलेली रोपं. त्यांच्यात रोमवाल्या पेशीही असतात आणि बिनरोमाच्याही, फक्त त्या जागा सोडून कुठेही विखुरलेल्या असतात. शेजारणींचा व्यवहार चालूच आहे, फक्त सांधा कुठे आहे हे त्यांना सांगणारं कोणी नाही. आणि कॅप्रिस बिघडवलं तर रोम खूपच कमी येतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच जुळणीतली बरीचशी प्रोटीनं पानावरही काम करतात आणि तिथे परिणाम बरोबर उलटा होतो, पानावरची लव त्यांच्यामुळे येते. त्यामुळे ग्लॅब्रा-२ बिघडलेल्या रोपाच्या पानांवरची लव जाते आणि मुळांवर मात्र जास्त रोम. यंत्रणा बऱ्याच अंशी तीच, पण ती कुठे बसलीय त्यावर निकाल उलटा.

"हो" ठरल्यावर पुढे

पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर, मुळाच्या टोकाकडच्या बाजूला, एका ठिकाणी ठरावीक प्रोटीनं गोळा होतात, तिथे छोटा फुगवटा येतो आणि मग वाढ फक्त टोकाला होते. टोकाशी कॅल्शियमचं प्रमाण जास्त राहतं, भिंतीचा नवा माल तिथेच ओतला जातो, बाकी रोमाची भिंत घट्ट झालेली असते. किती लांब व्हायचं यावर ऑक्सिन आणि इथिलिन या हार्मोनांचा हात असतो.

तणाचं झालं, आपल्या भाताचं, टोमॅटोचं काय?

योग्य शंका आहे. पट्ट्यांची ही रचना मुख्यतः मोहरीच्या कुळात दिसते, म्हणजे तुमच्या ट्रेमधल्या मोहरी-मुळ्याला ती लागू पडते. टोमॅटोत तशा पट्ट्या दिसत नाहीत, रोमवाल्या पेशी कुठेही येतात. भातात तिसरीच तऱ्हा, पेशी विभागताना एक मुलगी लहान, एक मोठी होते आणि लहान असते ती रोम होते. म्हणजे निवड कशी करायची हे प्रत्येक कुळाचं वेगळं.

पण निवड झाल्यावर रोम बांधायचं काम मात्र फार जुनं आणि फार सारखं आहे. २००७ साली मॉसमधला, म्हणजे पावसाळ्यात येऊरच्या दगडांवर जो हिरवा मऊ थर चढतो तशा वनस्पतीतला, आरएचडी-६ चा नातेवाईक जीन बिघडलेल्या अरेबिडॉप्सिसमधे घातला तर रोम परत यायला लागले. मॉसला तर खरी मुळंच नसतात, जमिनीला धरायला नुसते धागे असतात. या दोघांचे पूर्वज वेगळे होऊन ४० कोटींहून जास्त वर्षं झालीत!

या सगळ्याचा डीएपीशी संबंध काय?

खरिपाच्या तोंडावर डीएपी या फॉस्फरसच्या खताची टंचाई, लांब रांगा, वाढलेले भाव या बातम्या आपण दर थोड्या वर्षांनी वाचतो. डीएपीमधे ४६ टक्के फॉस्फेट असतं आणि भारत ते खत आणि त्याचा कच्चा दगड, दोन्ही मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. फॉस्फरसची अडचण अशी की तो मातीत जागचा हलत नाही. नायट्रेट पाण्याबरोबर मुळापर्यंत येतो, फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून बसतो, आणि कोकणातल्या लाल जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असल्यामुळे जरा जास्तच चिकटतो. मुळाच्या अगदी लगतचा फॉस्फरस संपला की मुळाला स्वतःच पुढे जावं लागतं, आणि मूळ न वाढवता कमी खर्चात पुढे पोचायचा मार्ग म्हणजे रोम.

झाडाला हे आपोआप कळतं. फॉस्फरस कमी असला की अरेबिडॉप्सिसमधे रोम लांब आणि दाट होतात, रोमवाल्या पट्ट्या आठाच्या बारापर्यंत जातात, आतल्या थरातल्या पेशींची संख्याही वाढलेली दिसते, म्हणजे सांधेच वाढतात. भातात फॉस्फरस कमी पडला की ऑक्सिन वाहून नेणाऱ्या एका प्रोटीनमुळे रोम लांब होतात हे २०१८ साली दाखवलं गेलं. बार्लीचं एक बिनरोमाचं वाण आहे, ते कमी फॉस्फरसच्या मातीत मागे पडतं आणि फॉस्फरस भरपूर असेल तर बाकीच्यांसारखंच वाढतं.

म्हणून कुंडीत उगाच जास्त फॉस्फेटचं खत टाकणाऱ्यांना माझं कळकळीने सांगणं आहे, त्याने मुळं "मजबूत" होत नाहीत, भरपूर आयतं मिळालं की झाड रोम कमी आणि आखूड करतं.

मूग-चवळीसारख्या डाळींत रोमाचं आणखी एक काम, नायट्रोजन देणारे रायझोबियम जिवाणू रोमातूनच आत शिरतात. भुईमुगात मात्र ते रोमातून न जाता उपमुळं फुटताना पडलेल्या फटीतून जातात.

मग सगळ्याच पेशींना रोम आणू या की, जीएम करून, म्हणजे लॅबमधे जीन बदलून!

वेअरवुल्फ बिघडलेली रोपं लॅबमधे व्यवस्थित जगतात, तेव्हा शक्य नाही असं नाही. पण नुसती संख्या वाढवून भागत नाही, दाट रोम एकमेकांच्याच वाट्याचा फॉस्फरस ओढतात, लांबी जास्त कामाची. आणि त्यासाठी जीएमच लागतं असंही नाही. बार्लीच्या वेगवेगळ्या वाणांत रोमांची लांबी मुळातच कमी-जास्त असते आणि लांब रोमवाली वाणं कमी फॉस्फरसमधे बरी टिकतात. जुन्या पद्धतीच्या निवडीतून, संकरातूनही हे साधता येतं, आणि आपल्या गावठी वाणांकडे या नजरेने बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रोप हलवताना

शेवटी रोजच्या कामाचं. नर्सरीतून आणलेलं रोप कुंडीत लावलं की दोन दिवस मान टाकतं, तेव्हा आपण म्हणतो "मुळं तर सगळी होती". मुळं असतात, रोम तुटलेले असतात. माती झटकून, मुळं धुऊन लावलं की बहुतेक रोम गेलेच समजा. मुरबाड-शहापूरकडे लावणीला भाताची रोपं राबातून उपटून लावतात तेव्हाही रोम तुटतातच, पण तिथे चिखलात पाणी साचलेलं असतं आणि भाताला नवी मुळं पटापट फुटतात म्हणून निभावतं. बाल्कनीतल्या मिरची-टोमॅटोला ती सोय नाही. म्हणून मातीचा गोळा न फोडता लावा, संध्याकाळी लावा, दोन-तीन दिवस सावलीत ठेवा आणि माती ओलसर राहील इतपतच पाणी द्या, चिखल करू नका. तुटलेला रोम परत वाढत नाही, मुळाचं टोक पुढे सरकून त्याच्यामागे नवे रोम फुटावे लागतात आणि त्याला काही दिवस जातात. तोवर खत अजिबात नको.